प्रभारींची झडप

प्रभारींच्या छातीत बटाटा अडकला तो नेमका शिक्षणाधिकारी समोर जेवायला बसलेले असताना.

अडकला म्हणजे वाटेत जरा घुटमळला असं नव्हे. सदऱ्याच्या चौथ्या गुंडीमागे ठाण मांडून बसला. प्रभारींना ती जागा तोंडपाठ होती. अन्ननलिकेच्या तळाशी जी झडप असते, ती बाकीच्या जगात घास आला की उघडते. प्रभारींची उघडत नसे. मग उभं राहायचं, हनुवटी छताकडे करायची, दोन्ही हात वर ताणायचे, ग्लासभर पाणी एका दमात ओतायचं आणि टाचांवर आदळायचं, असा त्यांचा घरगुती उपाय होता. घरी तो खपून जायचा. पण शाळेच्या तपासणीच्या दिवशी, शिक्षणाधिकाऱ्यांसमोर, हात वर करून टाचा आपटणारा मुख्याध्यापक? प्रभारी नुसतेच उभे राहिले. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, ओठ घट्ट मिटलेले.

साहेब उभे राहिले म्हटल्यावर शिक्षकांनी चमचे टाकले आणि तेही उभे राहिले. एवढे सगळे उभे म्हटल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांनाही बसून राहणं बरं दिसेना. सगळ्यांनी माना खाली घातल्या. खोलीत अशी शांतता पसरली की भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा टिकटिक करायची चोरी झाली.

"कोण गेलं?" शिक्षणाधिकाऱ्यांनी शेवटी कुजबुजत विचारलं.

प्रभारींनी तोंड उघडलं असतं तर बटाटा बाहेर आला असता. त्यांनी स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं.

"अरेरे! म्हणजे अगदी जवळचंच कुणी," शिक्षणाधिकारी म्हणाले आणि तपासणी अर्धवट सोडून निघून गेले. शाळेचा फायदाच झाला म्हणायचा. पण प्रभारींच्या अब्रूचं काय? दुसऱ्या दिवशी दोन शिक्षिका सांत्वनाला घरी येऊन बसल्या आणि कोण गेलं हे विचारायची हिंमत न होऊन तशाच चहा पिऊन परत गेल्या.

आता 'प्रभारी' हे काही त्यांचं नाव नव्हे, पण खरं नाव त्यांचं त्यांनाही चटकन आठवलं असतं की नाही कोण जाणे. आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा 'कायमचा माणूस येईपर्यंत जरा बघा' म्हणून त्यांना त्या खुर्चीवर बसवलं होतं. कायमचा माणूस आलाच नाही. पण तो कधीही दारात उभा राहील म्हणून प्रभारी आजही अर्ध्या खुर्चीवरच बसत. टेबलाचा खालचा खण त्यांनी कधी उघडला नव्हता, कारण तो 'त्यांचा' होता. सही करताना आधी 'मुख्याध्यापकांकरिता' असं लिहीत आणि मगच खाली स्वतःचं नाव टाकत. एखादा मोठा निर्णय समोर आला की कागदाच्या कोपऱ्यात 'चर्चा करावी' असं लिहून तो परत पाठवत. चर्चा होत राही, शाळा चालत राही.

घरीही तीच तऱ्हा. फुटलेल्या काचेच्या जागी पुठ्ठा, चष्म्याच्या दांडीला दोरा, पलंगाच्या पायाखाली वीट. "तूर्तास राहू दे" हे त्यांचं लाडकं वाक्य होतं. वीट येऊन इतकी वर्षं झाली होती की बायको आता तिच्यावरचीही धूळ पुसायची.

त्यामुळे झडपेचा आजार निघाला आणि डॉक्टर म्हणाले की घशातून दुर्बीण सोडून झडपेला इंजेक्शन देता येतं, मग ती काही महिने सैल पडते, तेव्हा प्रभारींना हा इलाज आपल्यासाठीच शोधून काढलाय असं वाटलं. इंजेक्शन घेतलं. झडप सैल पडली. प्रभारी पोटभर जेवू लागले, दोन वेळा तर ढेकरही दिला. आणि मग एक दिवस भाताचं शीत अडलं, मग पोळपाटासारखा सपाट केलेला केळ्याचा तुकडा अडला, आणि आता हा बटाटा. इंजेक्शन उतरलं होतं.

त्यानंतर घरात एकच प्रश्न उरला. परत सुई की या वेळी सुरी?

दवाखान्यात या वेळी शल्यविशारद बाई होत्या. तरुण, शांत, केस मागे घट्ट बांधलेले. त्यांनी कागदावर एक नळी काढली, खाली एक पिशवी काढली आणि मधल्या अरुंद जागेवर पेन टेकवलं.

"सर, दोन वाटा आहेत. इंजेक्शन परत देता येईल, पण गुण या वेळी कमी टिकेल. शिवाय दर इंजेक्शनने आतलं थोडं थोडं चिकटत जातं. मग पुढे कधी ऑपरेशन करायचं ठरलं तर आम्हाला अवघड पडतं. तब्येत फारच तोळामासा असेल त्याला मी इंजेक्शनच सांगते. तुमचं हृदय, फुप्फुसं ठणठणीत आहेत. पोटावर चार-पाच लहान भोकं पाडायची, दुर्बिणीतून हा आवळलेला स्नायू उभा कापायचा. माझं मत ऑपरेशन."

"धोका?" प्रभारींनी विचारलं. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी निघाला.

"थोडा आहे. आतलं अस्तर फाटू शकतं, फाटलं तर तिथल्या तिथे शिवतो. नंतर कधी आंबट वर येऊ शकतं, म्हणून जठराची एक घडी घालून ठेवतो."

"आणि भूल?"

"पूर्ण," बाई म्हणाल्या.

पूर्ण! प्रभारींच्या आयुष्यात आजवर काहीही पूर्ण झालं नव्हतं, आणि सुरुवात नेमकी भुलीपासून व्हायची होती. भूल चढली आणि उतरलीच नाही तर? आपण तसेच टेबलावर, आणि बाहेर बायको बाकड्यावर पर्स मांडीवर घेऊन बसलेली. त्यांना ती पर्ससुद्धा दिसली.

"तुम्ही मला ओळखलं नाही सर," बाई हसून म्हणाल्या. "मी तुमच्या शाळेची. तुम्ही आम्हाला हस्तकला शिकवायचात."

प्रभारींनी निरखून पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. हस्तकलेचे शिक्षक रजेवर गेले तेव्हा ते तास तूर्तास प्रभारींकडे आले होते. मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिला कागदाचा साधा चौकोन कापता येत नसे; कात्री अशी सुटायची की चौकोनाचं बेट व्हायचं. तिच्या प्रगतिपुस्तकात त्यांनी स्वतःच्या हाताने शेरा मारला होता: 'कात्री चालवताना घाई करते.'

"चर्चा करून सांगतो," असं म्हणून प्रभारी उठले ते दाराऐवजी कपाटाकडे गेले.

चर्चा रविवारी घरीच झाली. प्रभारींनी फक्त मेहुण्याला सांगितलं होतं. मेहुण्याने जिन्यात वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांना सांगितलं, आणि प्रभारींची ताई कुणी न सांगताच आली. ताईंना असं काही असलं की आपोआप कळतं.

"सरळ कापून टाका," मेहुणा म्हणाला. त्याचं अपेंडिक्स काढलं होतं, आणि तेव्हापासून शस्त्रक्रियाशास्त्र त्याच्या घरचंच झालं होतं. त्याने सदरा वर केला. "हे बघा. काही दिसतंय?"

"तुझं पोट दिसतंय. खाली कर तो सदरा," ताई म्हणाली. "आणि याला कशाला औषध हवंय? लहानपणापासून बकाबका गिळतो. मी तेव्हाच सांगत होते, चावून खा, चावून खा. आता भोग."

"ताई, चावण्याचा संबंध नाही. झडप आहे ती," प्रभारी म्हणाले.

"झडप घालूनच खायचास!"

वकीलसाहेब तोवर डोळे मिटून बसले होते. त्यांनी एक बोट वर केलं. "माझं ऐका. इंजेक्शन म्हणजे स्थगिती. ऑपरेशन म्हणजे निकाल. चाळीस वर्षांच्या वकिलीत एक गोष्ट शिकलो, शहाणा माणूस निकाल मागत नाही. तारीख घेतो. पुढची तारीख, त्याच्या पुढची तारीख. आमचे कितीतरी अशील तारखा घेत घेत सुखाने गेले."

"गेले?" प्रभारींनी आवंढा गिळला. तोही अडकला.

"वयाने हो, वयाने."

चर्चा दिवेलागणीपर्यंत चालली आणि प्रकरण पुढल्या रविवारवर ढकलण्यात आलं. प्रभारींची बायको एकटीच चर्चेत नव्हती. ती स्वयंपाकघरात भात घोटत होती. आधी मऊ शिजवायचा, मग घोटायचा, मग गाळायचा. घरात दोघांचं जेवण गेले कित्येक महिने असंच गुळगुळीत झालं होतं.

खरं तर प्रभारींच्या बायकोला कडक टोस्टचं वेड होतं. चहात बुडवणं म्हणजे तिच्या लेखी टोस्टचा अपमान. कोरडा खायचा, आणि असा खायचा की शेजारच्या खोलीत रेडिओ लावलेला असेल तर बातम्या बुडाव्यात. "अगं, हळू! वर वकिलांची झोपमोड होईल," असं प्रभारी लग्नापासून सांगत आले होते. आणि गंमत म्हणजे गेल्या काही महिन्यांत तिने ते अखेर ऐकलं होतं. टोस्ट बंदच. इतक्या वर्षांनी का होईना, आपल्या शब्दाला घरात वजन आलं, असं वाटून आजारपणातही प्रभारींना थोडं बरं वाटलं होतं.

इकडे दिवस काही बरे जात नव्हते. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोकं पाडावी लागत होती. आडवं झालं की खाल्लेलं वर यायचं म्हणून प्रभारी उशांचा ढीग पाठीशी लावून बसल्या बसल्या झोपत. शाळेत ते खडूंच्या खोलीत दार लावून जेवत. शिक्षकांत अशी बोलवा होती की साहेबांचा डबा फार भारी असतो, म्हणून वाटून खायला नको. आणि भीती! इंजेक्शन घ्यावं तर ते उतरण्याची भीती, ऑपरेशन करावं तर भूल न उतरण्याची भीती, काहीच करू नये तर पुढच्या घासाची भीती. बायकोला त्यांनी कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते रोज सांगायला सुरुवात केली.

"मला माहीत आहे," ती म्हणायची. "मीच ठेवते त्या."

"तरी असू दे लक्षात."

अशात अडगळीच्या खोलीत उंदीर झाला.

शनिवारी दुपारी प्रभारी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. आतून आवाज आला. कुर्रर्र. मग थोडं थांबून, कुर्रर्र. दबकत दबकत, चोरून. प्रभारी उठून जाईपर्यंत आवाज बंद. रविवारी तीच वेळ, तोच आवाज. त्यांनी बायकोला सांगितलं तर ती एकदम गोरीमोरी झाली आणि म्हणाली, "भास असेल. पोट रिकामं असलं की होतात."

भास! निदान कुणाविरुद्ध तरी ठामपणे काही करावं अशी संधी प्रभारींना किती दिवसांनी मिळत होती. शाळेत उंदरांनी उत्तरपत्रिका खाल्ल्या तेव्हा आणलेले चिकट पुठ्ठे शिल्लक होते. उंदीर त्यावर आला की जागचा हलत नाही. प्रभारींनी त्यातला एक रजेच्या दिवशी, बायको अंघोळीला गेलेली पाहून, अडगळीच्या खोलीत दाराच्या आत अंथरला. सुई की सुरी हा निर्णय त्यांना जमत नव्हता, पण उंदराच्या बाबतीत ते क्षणभरही डळमळले नाहीत.

दुपारी खुर्चीत बसून ते वाट पाहत होते. दार हळूच वाजलं. मग धप्प! आणि एक "अगं आई गं!" असा उद्गार, जो उंदीर सहसा काढत नाही.

प्रभारींनी दार उघडलं. बायको एका पायावर उभी होती. दुसरा पाय पुठ्ठ्याला चिकटला होता आणि पुठ्ठा जमिनीला. एका हाताने तिने जुन्या सायकलचं हँडल धरलं होतं. दुसऱ्या हातात टोस्टचा पुडा होता. तोंड भरलेलं होतं. आणि नवऱ्याकडे बघत, डोळे मोठे करून, ती तो घास आवाज न करता चावायचा प्रयत्न करत होती.

ते चावणं काही संपेना.

"इथे काय करतेस?" त्यांनी शेवटी विचारलं.

तिने घास गिळला. किती सहज गेला तो! "काही नाही," ती म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "टोस्ट खातेय. आहे काही म्हणणं? तुमच्यासमोर कशी खाऊ? मी घास घेतला की तुम्ही माझ्या गळ्याकडे बघत बसता. तो खाली उतरेपर्यंत बघता. माझ्याच घशात अडकतं मग. महिनोन्महिने तुमच्याबरोबर ते गाळलेलं खाते आणि इथे येऊन, सायकलला टेकून, पदरात तोंड खुपसून एक टोस्ट खाते. तुम्ही मला उंदीर समजून सापळा लावलात!"

"मला वाटलं, तू माझं ऐकून टोस्ट सोडलास," प्रभारी म्हणाले.

"तुमचं ऐकून?" ती रडता रडता हसली आणि परत रडली. "ते किल्ल्यांचं सांगणं तेवढं बंद करा आता. तुम्हाला भीती वाटते, मला वाटत नाही? तुम्ही खुर्चीत डोळे मिटलेत की मी छाती हलतेय का ते बघते आणि मगच इथे येते. सुई टोचून घ्या नाहीतर सुरी चालवून घ्या. पण काय ते एकदाच करा. माझ्याच घरात मला उंदरासारखं खायला लावू नका."

प्रभारींना काही बोलता येईना, आणि या वेळी छातीत बटाटा नव्हता.

पुढचा अर्धा तास तेलाची बाटली घेऊन ते तिच्या पायाशी बसले होते. पुठ्ठा सुटेना. आरडाओरडा ऐकून वरून वकीलसाहेब आणि त्यांच्याकडे गप्पा मारायला आलेला मेहुणा धावत आले. मेहुणा म्हणाला, "सरळ कापून टाका." वकीलसाहेब म्हणाले, "उद्यापर्यंत राहू दे, आपोआप सुटेल." दोघांनाही प्रभारींनी बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. तेल चोळत चोळत, बोटाबोटातून त्यांनी तो पाय सोडवला.

"मी ऑपरेशन करून घेतो," ते खाली बघत म्हणाले.

"चर्चा?"

"झाली."

तरी दवाखान्याच्या खिडकीशी सगळं परत अडलंच. संमतीचा कागद आत गेला तसा परत आला.

"हे काय लिहिलंय? करिता?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं. "पेशंट कोण?"

"मीच."

"मग स्वतःकरिता स्वतःच सही? असं नाही चालत. दुसरा कागद घ्या."

दुसऱ्या कागदावरही प्रभारींच्या हाताने सवयीने 'करिता' लिहून टाकलं. मागे रांग लागली होती. रांगेतल्या कुणीतरी विचारलं की साहेबांना लिहिता येतं ना? मुख्याध्यापकांना! प्रभारींच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तिसऱ्या कागदावर बायकोने सहीच्या जागेशी बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे फक्त तुमचं नाव. दुसरं कुणी येणार नाहीये."

त्यांनी नाव लिहिलं. आगेमागे काही नसलेलं आपलं नाव त्यांना फार उघडं वाटलं.

टेबलावर आडवं केलं तेव्हा छतातला दिवा त्यांच्या डोळ्यांवर आला. दात वाजत होते ते लपवायलाही जागा नव्हती. हिरव्या मुखपट्टीवरून दोन डोळे त्यांच्यावर झुकले.

"सर, भीती वाटतेय?"

"हो," प्रभारी म्हणाले. असं सरळ उत्तर त्यांनी कित्येक वर्षांत कुणाला दिलं नव्हतं.

"तुम्ही माझ्या प्रगतिपुस्तकात एक शेरा मारला होता. आठवतो?"

प्रभारींचे डोळे विस्फारले. नेमकं आत्ताच हे निघायचं होतं!

"त्याबद्दल आईने मार दिला होता मला," बाई म्हणाल्या. "आता घाई करत नाही, सर."

तोंडावर मास्क आला. उठून बसावं, एक शेवटची तारीख मागावी, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात बाहेरच्या बाकड्यावरची पर्स त्यांना परत दिसली, आणि त्यांनी श्वास आत ओढला.

दुसऱ्या दिवशी त्यांना एक पांढरं औषध पाजून यंत्रासमोर उभं केलं, छातीचं चित्र घेतलं, आणि मग खोलीत आणून सांगितलं की पाण्याचा घोट घ्यायला हरकत नाही. परिचारिका ग्लास ठेवून गेली. प्रभारी त्या ग्लासकडे बघत राहिले. पोटावरच्या भोकांना ठणका होता, पण खरी धास्ती चौथ्या गुंडीची होती. दवाखान्याच्या झग्याला गुंड्या नव्हत्या, म्हणून त्यांनी बोटाने चाचपून ती जागा शोधली आणि बोट तिथेच ठेवलं.

बायको समोर स्टुलावर बसली होती. आता तीच त्यांच्या गळ्याकडे बघत होती.

त्यांनी घोट घेतला आणि वाट पाहिली. कळ येईल, पाणी साचेल, परत वर चढेल. बोटाखाली काहीच होईना. प्रभारी घाबरून गेले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच झालं नाही," प्रभारी म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "गेलं गं. आपोआप गेलं."

पदराने तिने आधी स्वतःचा आणि मग त्यांचा चेहरा पुसला. मग पर्स उघडली. आतून किल्ल्यांचा जुडगा काढून बाजूला ठेवला, आणि त्याच्या खालून टोस्टचा पुडा काढला. एक टोस्ट हातात घेऊन ती थांबली.

"खा," प्रभारी म्हणाले. "जोरात खा."

तिने टोस्टचा लचका तोडला. कुर्रर्रम! आवाज भिंतींवर आदळला, पलीकडच्या खोलीतला रुग्ण खोकला, आणि परिचारिका धावत दारात आली.

"कसला आवाज झाला?"

बायकोचं तोंड भरलेलं होतं. प्रभारींनी उशीला पाठ टेकली. पूर्ण टेकली.

"उंदीर आहे," ते म्हणाले. "आमच्याच घरचा आहे, राहू दे."

"राहू दे? तूर्तास?" परिचारिका गोंधळून म्हणाली.

"नाही," प्रभारी म्हणाले. "कायमचा."

बायकोने पुड्यातून दुसरा टोस्ट काढला.